लोकलहोस्ट नेमका कुणाचा?

माझं काम चार मशीनवर विभागलेलं आहे, आणि त्यातलं चौथं माझं नाही. साताऱ्यात घरी डेस्कटॉप आहे, त्यावर लिनक्स आणि १२ जीबी मेमरीचं आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड. ८ जीबी रॅमचा विंडोज लॅपटॉप हलका म्हणून कायम पिशवीत. एक अँड्रॉइड फोन. आणि एका दूध संस्थेच्या ऑफिसात कपाटाशेजारी ठेवलेला जुना सर्व्हर, ज्याच्यावर मी लिहिलेलं संकलनाचं सॉफ्टवेअर चालतं. सकाळ-संध्याकाळ दूध येतं, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून उरलेले घन घटक) मोजतात, दरपत्रकावरून दर निघतो, दहा दिवसांनी बिलं होतात.

एआय कोडिंग असिस्टंट या सगळ्या ठिकाणांहून एकाच सवयीनं वापरता यावा, एवढीच माझी मागणी होती. डेस्कटॉपवर अर्धवट राहिलेलं काम एसटीत बसून पुढे सरकवता यावं, आणि कुठल्या मशीनवर आहोत याचा विचार करावा लागू नये. यातलं पहिलं जमलं. दुसरं जमलं नाही, आणि आता मला वाटतं ते जमूही नये.

मांडणी गुंतागुंतीची झाली ती संस्थेच्या सचिवांमुळे. कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं होतं. ते म्हणाले, "ताई, तुम्ही ते एआय का काय वापरताय म्हणे. आमच्या सभासदांचे खातेनंबर त्यात जात नाहीत ना?" मी म्हटलं, "अण्णा, प्रोग्रॅम जातो. माणसांची नावं आणि खाती जाणार नाहीत." बोलायला सोपं होतं. पण संस्थेकडून येणाऱ्या त्रुटींच्या लॉगमध्ये, म्हणजे काय बिघडलं याच्या नोंदींमध्ये, सभासदाचं नाव, कोड, कधीकधी बँक खातंही असतं, आणि असिस्टंटला सगळ्यात जास्त विचारावं लागतं ते नेमकं या लॉगबद्दल.

म्हणून असिस्टंट दोन झाले. प्रोग्रॅमच्या कामासाठी क्लाउडवरचा, माझ्या बाबतीत क्लॉड कोड. लॉग वाचायला घरच्या डेस्कटॉपवरच चालणारं मॉडेल, ओलामात (मॉडेल आपल्याच मशीनवर चालवणारा प्रोग्रॅम) टाकलेलं क्वेन २.५ कोडर. या मॉडेलची ७ अब्ज पॅरामीटरची (शिकलेल्या आकड्यांची) आवृत्ती ४ बिटांत दाबली तरी साधारण ४.७ जीबी भरते. कोड लिहायचा एडिटर आणि ब्राउझर उघडा असलेल्या ८ जीबीच्या लॅपटॉपवर ती चालवायची म्हणजे पंख्याचा आवाज ऐकत बसायचं. १४ अब्जांची आवृत्ती ९ जीबीच्या आसपास, ती माझ्या कार्डात मावते. टाइप करताना पुढचं सुचवायला १.५ अब्जांचं छोटं मॉडेल वेगळं ठेवलं. तिथे अचूकपणाइतकाच वेगही लागतो, कारण सूचना यायला सेकंदभर लागला तर तोवर मी पुढचं टाइप केलेलं असतं. शिवाय या कामात कर्सरच्या आधीचा आणि नंतरचा मजकूर देऊन मधली जागा भरून घ्यायची असते. त्याला संभाषणासाठी न घडवलेलं मूळ मॉडेल बरं. संभाषणाचं मॉडेल लावलं की ते मध्येच "हा तुमचा कोड" म्हणून प्रस्तावना करायला लागतं.

आता हे डेस्कटॉपवरचं मॉडेल लॅपटॉपवरच्या एडिटरला जोडायचं. ओलामा मुळात फक्त १२७.०.०.१ या पत्त्यावर, ११४३४ या पोर्टवर (मशीनच्या क्रमांक दिलेल्या दारावर) ऐकतो, म्हणजे त्याच मशीनवरच्या प्रोग्रॅमचंच ऐकतो. पत्ता ०.०.०.० करा आणि राउटरवर पोर्ट उघडा, असा सल्ला सर्रास मिळतो. मला तो पटला नाही. ओलामाला स्वतःचा पासवर्ड नसतो. पोर्ट उघडला की जगातला कुणीही माझ्या कार्डावर आपलं काम काढून घेऊ शकतो, मॉडेल पुसूही शकतो. आणि खरं सांगायचं तर माझ्या ब्रॉडबँडवर ते शक्यही नव्हतं. कंपनी अनेक घरांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता देते, त्यामुळे राउटरवर काहीही उघडलं तरी बाहेरून आत येता येत नाही.

माझ्या तिन्ही मशीनवर टेलस्केल टाकलं, आपली मशीनं एका खासगी जाळ्यात जोडणारं सॉफ्टवेअर. प्रत्येक मशीनला १०० ने सुरू होणारा एक खासगी पत्ता मिळतो आणि ती कुठल्याही नेटवरून एकमेकांना सापडतात. ओलामाला या खासगी पत्त्यावरच बसवावं असं वाटणं साहजिक आहे, पण डेस्कटॉप सुरू होताना ओलामा आधी उठतो, टेलस्केल नंतर, आणि जो पत्ता अजून जन्मलाच नाही त्यावर बसता येत नाही म्हणून ओलामा बंद पडतो. क्रम लावून देता येतो. मी त्या फंदात न पडता ओलामाला १२७.०.०.१ वरच राहू दिलं आणि लॅपटॉपवरून एसएसएचचा (दुसऱ्या मशीनवर सुरक्षितपणे शिरायच्या सोयीचा) बोगदा काढला: लॅपटॉपच्या ११४३४ वर जे येईल ते डेस्कटॉपच्या ११४३४ ला पोचवायचं.

आणि इथे पहिली गंमत झाली. कोड पुरा करणाऱ्या सूचना येत होत्या, पण रडतखडत. चॅटमध्ये मोठं मॉडेल मागितलं की उत्तर यायचं, असं मॉडेल सापडलं नाही. डेस्कटॉपवर बघावं तर मॉडेल जागच्या जागी. या दोन लक्षणांतून उलगडा झाला. पूर्वी कधीतरी लॅपटॉपवर टाकलेला ओलामा विंडोजच्या घड्याळाशेजारी निवांत बसला होता आणि ११४३४ त्यानंच अडवला होता. छोटं मॉडेल दोन्हीकडे होतं, म्हणून सूचना लॅपटॉपच देत होता, दमत दमत. एसएसएचनं पोर्ट मिळाला नाही अशी एक ओळ छापली होती, पण जोडणी चालू ठेवली होती, आणि ती ओळ वर निघून गेली होती. पोर्ट मिळाला नाही तर जोडणीच तोडावी, अशी सोय एसएसएचच्या सेटिंगमध्ये आहे. ती लावली, आणि लॅपटॉपच्या बाजूचा पोर्ट बदलून ११४३५ केला. आता कुठला ओलामा बोलतोय ते आकड्यावरूनच कळतं.

बोगदा चालला, तरी मुख्य काम मी वेगळ्या रीतीनं करते. व्हीएस कोड या माझ्या एडिटरला २०१९ पासून रिमोट जोडणीची सोय आहे. एडिटरचे त्यात दोन तुकडे होतात. खिडक्या, मेनू, रंग लॅपटॉपवर. फाइली, टर्मिनल (आदेश टाइप करायची खिडकी), गिट (कोडमधले बदल नोंदवून ठेवणारं साधन) डेस्कटॉपवर, आणि त्यांचं बघायला तिथे एक छोटा सर्व्हर आपोआप बसतो. एक्स्टेन्शनची, म्हणजे एडिटरला जोडायच्या छोट्या प्रोग्रॅमचीही वाटणी होते: दिसण्याशी संबंधित असतील ती लॅपटॉपकडे, कोडशी संबंधित ती डेस्कटॉपकडे, आणि काही दोन्हीकडे चालू शकतात. असिस्टंटची एक्स्टेन्शन या शेवटच्या प्रकारात असली की डोकं धरायची वेळ येते. माझ्या एक्स्टेन्शनच्या सेटिंगमध्ये लिहिलं होतं, मॉडेल लोकलहोस्टवर आहे, म्हणजे 'याच मशीनवर'. पण ते एक्स्टेन्शन लॅपटॉपच्या बाजूला बसलं असेल तर लोकलहोस्ट म्हणजे लॅपटॉप. डेस्कटॉपच्या बाजूला बसलं असेल तर तीच ओळ, तोच पोर्ट, पण अर्थ डेस्कटॉप. एडिटरच्या खिडकीत दोन्ही अगदी सारखं दिसतं.

चालू असलेली एक्स्टेन्शन दाखवणारा एक आदेश व्हीएस कोडमध्ये आहे, त्यात कोण कुठल्या बाजूला चाललंय ते कळतं. एखाद्याला ठरावीक बाजूला बसवायचं सेटिंगही आहे. मी असिस्टंटला डेस्कटॉपकडे ढकललं आणि बोगद्याची गरजच संपली, कारण आता असिस्टंट आणि मॉडेल एकाच मशीनवर आहेत आणि लॅपटॉप निव्वळ पडदा आणि कीबोर्ड आहे. नेट मंद असलं तर टाइपिंग अडत नाही, सूचना तेवढ्या उशिरा येतात.

सेटिंग सिंकवर माझा जरा जास्त भरवसा होता. ते दोन मशीनवरची मांडणी सारखी ठेवतं हे खरं, पण रिमोटच्या बाजूला ते पोचत नाही. तिथे हवी ती एक्स्टेन्शन वेगळी यादी देऊन बसवावी लागतात. लॉगिन आणि किल्ल्या तर सिंक होतच नाहीत, आणि ते बरंच आहे. फक्त डेस्कटॉपवर लॉगिन करताना ब्राउझर उघडतो तो डेस्कटॉपवर, जिथे समोर कुणी बसलेलं नसतं. टर्मिनलनं छापलेला दुवा लॅपटॉपवर उघडायचा आणि मिळालेला कोड परत चिकटवायचा, हा मार्ग बहुतेक असिस्टंट देतात. तो शोधावा लागतो.

सचिवांना दिलेला शब्द पाळण्यासाठी एडिटरमध्ये दोन प्रोफाइल केली. लॉगच्या फोल्डरला जोडलेल्या प्रोफाइलमध्ये क्लाउडचं एकही एक्स्टेन्शन नाही, फक्त घरचं मॉडेल, आणि खिडकीची पट्टी लालभडक. ते एकदा कामानिमित्त घरी आले होते तेव्हा राउटरची बाहेरची केबल काढून मॉडेलला एक प्रश्न विचारून दाखवला. उत्तर आलं. त्यांनी केबल हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि म्हणाले, "मग हे शिकलं कुठं?" या प्रश्नाला माझ्याकडे तेवढं छोटं उत्तर नव्हतं.

मध्ये काही दिवस झेड एडिटरवरही काढले, ते एजंट क्लायंट प्रोटोकॉलसाठी, म्हणजे एडिटर आणि एजंट (स्वतः आदेश चालवून काम करणारा असिस्टंट) यांनी एकमेकांशी बोलायच्या सामाईक नियमांसाठी. २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टनं प्रोग्रॅमिंगच्या भाषांसाठी असाच लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल आणला, तोवर प्रत्येक एडिटरला प्रत्येक भाषेसाठी वेगळी जोडणी लिहावी लागत होती. असिस्टंटच्या बाबतीत तेच चाललं होतं. ऑगस्ट २०२५ मध्ये झेडनं हा नवा प्रोटोकॉल मांडला, त्यात पहिला एजंट होता जेमिनी सीएलआय. एडिटर एजंटला आपला उपप्रोग्रॅम म्हणून सुरू करतो आणि दोघं साध्या इनपुट-आउटपुटवर जेसन या मजकुराच्या ठरलेल्या साच्यात बोलतात. हे वाचल्यावर माझ्या डोक्यात लगेच आलं, की बोलणं इनपुट-आउटपुटवरच असेल तर मध्ये एसएसएच घालायला काय हरकत आहे? एडिटरला सांगायचं, एजंट सुरू करण्याचा आदेश म्हणजे 'डेस्कटॉपवर एसएसएच कर आणि तिथे एजंट चालव'.

चालतं. पण लगेच नाही. एसएसएचनं थेट आदेश दिला की डेस्कटॉपवरच्या उबुंटू लिनक्सची बॅशआरसी ही सेटिंगची फाइल सुरुवातीलाच परत फिरते, कारण समोर माणूस नसतो. त्या फाइलीत खाली नोडचा (एजंटला चालायला लागणाऱ्या प्रोग्रॅमचा) पत्ता लिहिलेला असतो, तो वाचलाच जात नाही, आणि एजंट सापडत नाही. पत्ते नीट लावून एजंट सुरू करणारी एक छोटी स्क्रिप्ट लिहून ते सुटलं. मग कळीचा मुद्दा आला. एडिटर एजंटला कामाच्या फोल्डरचा पूर्ण पत्ता पाठवतो. माझ्या लॅपटॉपवर तो सी ड्राइव्हपासून सुरू होणार, डेस्कटॉपवर असा ड्राइव्हच नाही. एजंट बिचारा अस्तित्वात नसलेल्या फोल्डरमध्ये काम सुरू करायला बघतो. दोन्हीकडे लिनक्स असेल आणि फोल्डरचे पत्ते तंतोतंत सारखे ठेवले तर ही युक्ती झकास आहे. तरीही फाइली दोन जागी राहतातच, गिटनं जुळवत बसावं लागतं. मी ती सोडून दिली. एजंट आणि फाइली एका मशीनवर, माणूस कुठेही, हाच नियम टिकला.

फोनचं प्रकरण मला वाटलं त्यापेक्षा वेगळं निघालं. व्हीएस कोडचा बोगदा सुरू केला की ब्राउझरमध्ये पूर्ण एडिटर उघडतो. टॅबलेटवर ते ठीक असेल, फोनवर कीबोर्ड वर आला की कोडच्या तीन ओळी दिसतात. त्यापेक्षा टर्मक्समधून (फोनवरचं टर्मिनल) एसएसएच करून टीमक्स (जोडणी तुटली तरी सत्र चालू ठेवणारा प्रोग्रॅम) उघडणं शंभर पटीनं बरं. डेस्कटॉपवर टीमक्समध्ये एजंट चालू ठेवायचा, लॅपटॉप मिटला, रेंज गेली, तरी तो आपलं काम करत राहतो. कोरेगावच्या स्टँडवर एसटीची वाट बघताना फोनवरून त्याच सत्रात शिरायचं.

अडचण मराठीची. मी असिस्टंटशी मराठीत बोलते. दरपत्रकाचे नियम मला मराठीतच कळलेत, ते इंग्रजीत मांडताना काहीतरी निसटतं. एडिटरच्या चॅटमध्ये देवनागरी छान दिसते. टर्मिनल मात्र प्रत्येक अक्षराला ठरावीक रुंदीचं घर देतं, त्यात जोडाक्षरं फुटतात, वेलांट्या शेजारच्या घरात जाऊन बसतात आणि कर्सर भलतीकडेच दिसतो. टर्मक्सच्या खालच्या बटणांची पट्टी बाजूला सरकवली की एक साधी मजकूरपेटी येते. तिच्यात बोलून किंवा टाइप करून मराठी वाक्य नीट पाठवता येतं. आलेलं मराठी उत्तर वाचणं हा व्यायामच राहतो. त्यामुळे फोनवरून विचारायचं असेल तेव्हा उत्तर फाइलीत लिहायला सांगते आणि ती फाइल ब्राउझरमध्ये उघडते.

फोनचा खरा उपयोग निघाला तो परवानगी देण्यासाठी. एजंट मध्येच थांबून विचारतो, हा आदेश चालवू का? आणि धोकाही नेमका तिथेच आहे. पाच इंचांच्या पडद्यावर गर्दीत उभं राहून माणूस 'हो' दाबतो. म्हणून डेस्कटॉपवर एजंटसाठी वेगळा लिनक्स युजर काढला. तो कोड वाचू-बदलू शकतो, चाचण्या चालवू शकतो. त्याच्याकडे माझ्या एसएसएच किल्ल्या नाहीत, त्यामुळे संस्थेच्या सर्व्हरपर्यंत तो पोचू शकत नाही. हा मुद्दा मला फारसा कुणी बोलताना दिसत नाही. आपण ज्या युजरनं काम करतो त्याच युजरनं एजंट चालतो, आणि त्या युजरला जे जे करता येतं ते सगळं एजंटलाही करता येतं. रिमोटवर किल्ल्या पुढे पाठवायची एसएसएचची सोय चालू असेल तर लॅपटॉपवरच्या किल्ल्याही त्याच्या हाताशी येतात. ती मी बंद केली.

संस्थेच्या सर्व्हरवर एडिटर उघडायचा प्रश्न आपोआप निकालात निघाला. तिथे उबुंटू १८.०४ आहे, म्हणजे जीलिबसी या लिनक्सच्या पायाभूत लायब्ररीची २.२७ आवृत्ती. व्हीएस कोडच्या १.९९ आवृत्तीपासून रिमोट सर्व्हरला किमान २.२८ लागतं. सर्व्हर बदलायचा ठराव वार्षिक सभेत येईल तेव्हा येईल. तोवर तिथे फक्त तयार प्रोग्रॅम जातो.

सगळ्या मशीनवर खरोखर एकसारखं काही पोचलं असेल तर ती एजंटला सूचना देणारी साधी मजकूर फाइल. ती गिटमध्येच असते, त्यामुळे वेगळं सिंक लागत नाही. माझ्या फाइलीत आहे: मूळ दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफला, रक्कम कायम पैशांच्या पूर्णांकात ठेवायची, रुपयांच्या अपूर्णांकात नाही, ती जवळच्या पूर्ण आकड्यात बसवणं बिलाच्या शेवटी एकदाच, आणि सभासदाचं नाव चाचणीच्या माहितीत कधीही खरं वापरायचं नाही. एका एजंटला एका नावाची फाइल लागते, दुसऱ्याला दुसऱ्या. लिनक्सवर एकीचा दुवा दुसरीला दिला होता, पण विंडोजवर गिटनं तो दुवा उघडला की बऱ्याचदा फाइलीत फक्त दुसऱ्या फाइलीचं नाव उरतं. म्हणून आता एजंट्स नावाच्या फाइलीत सगळा मजकूर आणि क्लॉडच्या फाइलीत ती वाचून घ्यायला सांगणारी एक ओळ.

विजेचं मात्र आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. सगळं डेस्कटॉपवर टाकलं म्हणजे डेस्कटॉप चालू हवा. ३०६० कार्ड पूर्ण जोरात १७० वॅट खातं. रिकामं असताना बरंच कमी, तरी रात्रंदिवस मशीन चालू ठेवणं मनाला पटत नाही. बायोसमध्ये वीज परत आली की आपोआप सुरू हो असं सेटिंग लावलं, हे पावसाळ्यात फार उपयोगी पडतं. एरवी मशीन झोपलेलं असतं. त्याला उठवणारं पॅकेट घरातल्याच नेटवर्कवरून जावं लागतं, टेलस्केलमधून बाहेरून ते जात नाही. म्हणून राउटरशेजारी एक जुना रास्पबेरी पाय, तळहाताएवढा संगणक, चोवीस तास चालू आहे. फोनवरून त्याच्यावर शिरायचं, तो डेस्कटॉपला हाक मारतो. उठल्यावर पहिलं उत्तर उशिरा येतं, कारण मॉडेल कार्डात चढायला वेळ लागतो. ओलामा पाच मिनिटं कुणी काही विचारलं नाही तर मॉडेल उतरवून टाकतो, ती मुदत मी तासभर केली.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. डेस्कटॉपवरच्या एजंटशी झालेलं बोलणं डेस्कटॉपवरच, ज्या फोल्डरमध्ये झालं त्याच्या नावानं साठवलेलं असतं. एखाद्या दिवशी नेट पूर्ण गेलं आणि लॅपटॉपवरच कोड घेऊन बसावं लागलं, की तिथला एजंट मागचं काहीच जाणत नसतो. त्यासाठी दिवस संपताना एजंटलाच सांगते, काय झालं, काय राहिलं, कशामुळे अडलं ते दहा ओळींत मराठीत लिही. ती फाइल कोडबरोबर गिटमध्ये टाकते. परवा संस्थेच्या सॉफ्टवेअरवर माझ्याबरोबर काम करायला भाचा आला. त्यानं कोडच्या आधी त्या फाइलीच वाचून काढल्या आणि विचारलं, "मावशी, यातलं तू किती लिहिलंस?"